'विनाकारण' म्हणजे नेमकं काय? सख्ख्या बहिणीच्या अबोल्याबद्दल

प्रश्न

सर्वांना नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे आज पहिल्यांदा. थोडं लांबेल, पण तुकड्यातुकड्याने सांगितलं तर कळणार नाही.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती आणि ती माझ्या घरी होती. तसं कोणी ठरवलं नव्हतं. ती पडली तेव्हा माझ्याकडे आलेली होती, मग राहिलीच. तिला कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, रात्रीतून दोनदा उठणं हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं. ताई महिन्या-दोन महिन्यांनी यायची. तिची नोकरी होती, मुलांच्या परीक्षा होत्या. "तू येत का नाहीस?" असं मी तिला एकदाही विचारलं नाही.

आईला जाऊन सात वर्षं झाली. दफन आटोपून आम्ही निघालो तेव्हा फाटकापाशी ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. त्या वाक्याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही.

पैशाअडक्याचं काही नाही. आईच्या नावावर काही नव्हतंच. मागे राहिलं ते तिचा चष्मा, काठी आणि बायबल. बायबल मी फडक्यात बांधून ताईकडे पाठवलं, थोरलीकडे ते असावं म्हणून. आठवड्याने ते परत आलं. गाठ मी मारली होती तशीच होती, सोडलेलीसुद्धा नव्हती.

आम्ही दोघी एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, जातो. ती पुढे खिडकीजवळ बसते, मी मागे दाराजवळ. प्रभुभोजनाच्या रांगेत मी चुकून तिच्या मागे आले, तर ती बाजूला सरून दोघा-तिघांना पुढे जाऊ देते. माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली नाही. आणि आता मंडळीतल्या दोघी-तिघी, ज्यांच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं, माझ्याशी तुटक वागतात. त्यांच्या कानावर काय गेलं आहे कोण जाणे.

मी तीन पत्रं लिहिली. तिन्हीत हेच, माझं काय चुकलं ते सांग. उत्तर नाही. पाळकांना मध्ये घातलं, त्यांना ती म्हणाली, "माझ्या मनात काही नाही." मग मी एक वही केली. लहानपणापासूनचे सगळे प्रसंग आठवून त्यात लिहिले, जिथे मी तिला दुखावलं असेन. तिची ओढणी न विचारता घेतली होती तिथपासून. तेवीस प्रसंग झाले. त्यातला एकही सात वर्षांच्या अबोल्याएवढा नाही.

आता माझा प्रश्न. ज्याला सांगावं तो मला योहान १५ वाचायला सांगतो: जगाने माझा द्वेष केला तसा तुमचाही करील. पण माझी ताई म्हणजे 'जग' नव्हे. मला पहिली प्रार्थना तिने शिकवली. त्याच अध्यायाच्या २५ व्या वचनात येशू म्हणतो की त्यांनी विनाकारण माझा द्वेष केला. तिथे मी अडकते. येशू निष्पाप होता, त्याला तसं म्हणता येतं. ते वचन स्वतःला लावून घेणारी मी कोण? आणि लावून घेतलं नाही, तर मग कारण माझ्यातच कुठेतरी असणार, आणि मला ते सापडत नाही.

दुसरं असं की, मी तिला क्षमा केली आहे. रोज करते. मग तिच्या समोर जाऊन पुन्हापुन्हा उभं राहणं हेही माझ्याकडून मागितलं जातं का?

पहिलं उत्तर

भगिनी, खचू नका. मत्तय ५:११ आणि लूक ६:२२ वाचा. लोक तुमची निंदा करतील, तुम्हाला वाळीत टाकतील तेव्हा तुम्ही धन्य, असं प्रभूनेच सांगितलं आहे. त्या दिवशी आनंद करा, उड्या मारा, असंही लूकमध्ये आहे. तुमचं प्रतिफळ स्वर्गात मोठं आहे. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

प्रश्नकर्ती

प्रार्थनेबद्दल मनापासून आभार. पण ही दोन्ही वचनं मी पुष्कळदा वाचली आहेत आणि दोन्हीकडे 'माझ्यामुळे', 'मनुष्याच्या पुत्रामुळे' असे शब्द आहेत. ताई येशूमुळे माझ्यावर रागावलेली नाही. जे त्याच्यासाठी सोसलं नाही त्याचं प्रतिफळ मी कसं मागू? आणि आनंद मला होत नाही. तो व्हायला हवा असं वाटून उलट आणखी एक ओझं वाढतं.

दुसरं उत्तर

मी पाळक नाही. निवृत्त झाल्यावर हिब्रू शिकायला घेतली, अजून अडखळतच वाचतो. पण तुम्ही ज्या एका शब्दावर अडकला आहात, त्याच शब्दावर मीही बरेच महिने काढले आहेत, म्हणून लिहितो.

आधी तुमची अडचण. येशूला म्हणता येतं, मला कसं म्हणता येईल? पण येशू त्या रात्री हे वाक्य स्वतःचं म्हणून बोलत नाही. जे लिहिलेलं आहे ते पूर्ण व्हावं म्हणून, असं तो म्हणतो. ते लिहिलेलं आहे स्तोत्रांत, ३५:१९ मध्ये आणि ६९:४ मध्ये. दोन्ही स्तोत्रं दावीदाच्या नावावर आहेत. आता ६९ वं स्तोत्र उघडा आणि चौथ्या वचनावर न थांबता पाचवं वाचा. चौथ्यात तो म्हणतो, विनाकारण माझा द्वेष करणारे माझ्या डोक्यावरच्या केसांहून जास्त आहेत, आणि जे मी चोरलं नाही ते मला परत करावं लागतंय. लगेच पाचव्यात: देवा, माझा मूर्खपणा तुला ठाऊक आहे, माझे अपराध तुझ्यापासून लपलेले नाहीत.

दोन्ही वाक्यं एका श्वासातली. माझ्या हातून पापं झाली आहेत आणि तरीही हा द्वेष माझ्या वाट्याला विनाकारण आला आहे, या दोन गोष्टी एकाच तोंडून खऱ्या होऊ शकतात. हे वाक्य म्हणायला निष्पाप असावं लागत नाही. निष्पाप येशूने पापी माणसांची ही प्रार्थना आपल्या ओठांवर घेतली, पकडले जाण्याच्या काही तास आधी. म्हणजे ते वचन तुम्ही त्याच्याकडून उसनं घेत नाही आहात. तुमच्यासारख्यांचंच ते होतं आणि त्याने ते आपलं मानलं.

आता तो शब्द. हिब्रूत तो 'हिन्नाम' असा आहे. त्याचा मूळ अर्थ 'फुकट', मोबदल्याशिवाय. लाबान याकोबाला म्हणतो, तू माझा नातलग आहेस म्हणून काय फुकट चाकरी करशील? तिथे हाच शब्द. रानात इस्राएल लोक मिसरातले फुकट मिळणारे मासे आठवून रडतात, तिथेही हाच. ईयोबाच्या पुस्तकाची तर सुरुवातच या शब्दावर उभी आहे. सैतान विचारतो, ईयोब देवाचं भय फुकट बाळगतो काय? आणि दुसऱ्या अध्यायात देव सैतानाला म्हणतो, तू मला याच्याविरुद्ध चिथावलंस, विनाकारण याचा नाश करायला. तोच शब्द, फक्त आता उलट बाजूने. ईयोबाचे मित्र त्यानंतर कितीतरी अध्याय तेच करतात जे तुम्ही वहीत करता आहात. कारण शोधतात. एवढं दुःख आलं म्हणजे काहीतरी केलंच असणार! वाचणाऱ्याला मात्र पहिल्या पानापासून माहीत असतं की कारण ईयोबात नाही. शेवटी देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर.

योनाथानही हाच शब्द वापरतो. आपल्या बापाला, शौल राजाला, तो विचारतो की दावीदाला विनाकारण मारून तू निर्दोष रक्ताचं पाप का करतोस? (१ शमुवेल १९:५.) आता शौलाकडे कारण नव्हतं का? होतं. बायकांनी गाणं म्हटलं होतं, शौलाने हजारो मारले, दावीदाने लाखो. ते गाणं दावीदाने रचलं नव्हतं, कोणाला म्हणायलाही सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून शौल त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागला. कारण होतं, पण ते शौलात होतं. दावीदाने आपल्या आयुष्याची वही काढून तेवीस काय, तेवीसशे प्रसंग लिहिले असते, तरी ते गाणं त्यात आलं नसतं. 'विनाकारण'चा अर्थ मी असा घेतो की द्वेष करणाऱ्याच्या मनात काही नसतं असं नव्हे, जो त्याच्या तोंडी आला आहे त्याने ते कमावलेलं नसतं.

आणि एक गोष्ट, जी मला सापडली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. योहान १५:२५ ग्रीकमध्ये आहे, तिथे 'विनाकारण'साठी शब्द आहे 'दोरेआन'. म्हणजे पुन्हा फुकट, देणगीसारखं. पौल रोमकरांस ३:२४ मध्ये सांगतो की देवाच्या कृपेने आपण विनामूल्य नीतिमान ठरतो. ते 'विनामूल्य' म्हणजेही 'दोरेआन'. येशू शिष्यांना पाठवताना म्हणतो, फुकट मिळालं आहे, फुकट द्या. तिथेही 'दोरेआन'. आपल्या भाषांतरात एकीकडे विनाकारण, दुसरीकडे विनामूल्य, तिसरीकडे फुकट, म्हणून नजरेतून सुटतं. हिब्रू 'हिन्नाम'ही 'हेन' या शब्दापासून आलेला आहे, आणि 'हेन' म्हणजे कृपा. त्याला मिळालेला द्वेष आणि त्याने दिलेली कृपा, दोन्हींना एकच शब्द पुरला. दोन्ही ज्याला मिळाली त्याने कमावलेली नव्हती. तुम्ही सात वर्षं विचारता आहात की मी असं काय केलं. कृपेबद्दलही हाच प्रश्न विचारून पाहा, उत्तर तेच येतं.

तुमच्या ताई 'जग' नाहीत, हे तुमचं म्हणणं मला पटतं. लोक योहान १५ चुकीच्या जागी लावतात. तुमच्यासाठी ५५ वं स्तोत्र आहे. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी चालत जायचो. रांगेत बाजूला सरणारी बहीण तिथे आधीच लिहिलेली आहे.

दुसऱ्या प्रश्नाला एकच प्रसंग देतो, १ शमुवेल २६. शौल झोपलेला, उशाशी भाला रोवलेला. दावीद जाऊन तो भाला आणि पाण्याचा चंबू उचलतो, शौलाला हात लावत नाही. मग पलीकडे जाऊन दूर डोंगरमाथ्यावर उभा राहतो. मध्ये पुष्कळ अंतर होतं, हे पुस्तक मुद्दाम नोंदवतं. तिथून तो हाक मारतो. शौल म्हणतो, मी पाप केलं आहे, माझ्या मुला, परत ये. दावीद म्हणतो, हा राजाचा भाला, तरुणांपैकी एकाने इकडे येऊन न्यावा. तो स्वतः घेऊन जात नाही. अध्याय संपताना दावीद आपल्या वाटेने जातो आणि शौल आपल्या ठिकाणी. याच भाल्याच्या माणसाने आधी त्याला भिंतीशी खिळू पाहिलं होतं. क्षमा त्याने पूर्ण केली, भालासुद्धा परत केला, पण त्या घरात तो परत गेला नाही. आणि याबद्दल शास्त्र त्याला एका शब्दाने दोष देत नाही.

तिसरं उत्तर

हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला. मी तुमच्या ताईच्या जागी होते.

आमच्याकडे वडील होते, आई नाही. धाकट्या बहिणीने त्यांचं सगळं केलं. मी केलं नाही. मला जमलं नसतं असं नाही, मी टाळलं. त्यांना तसं पाहवत नाही, अशी सबब मी स्वतःला देत राहिले. वडील गेले तेव्हा लोक येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, तू खूप केलंस. प्रत्येक वेळी ते वाक्य मला वेगळं ऐकू यायचं. ती मला कधीच काही बोलली नाही. तुम्हीही ताईंना कधी विचारलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला ते चांगलं वाटून तुम्ही केलं. मला माझ्या बहिणीची ती शांतता सहन व्हायची नाही. ती भांडली असती तर मी उलट भांडले असते आणि आम्ही सुटलो असतो. ती गप्प राहिली आणि तिच्या गप्प राहण्यात मला रोज माझं माप दिसायचं. म्हणून मी तिचा द्वेष केला, चार वर्षं. दुसऱ्यांना सांगायला मी कारणं तयार केली होती, त्यातलं एकही खरं नव्हतं.

योसेफाच्या गोष्टीत एक जागा आहे. ३७ व्या अध्यायात भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, वीस रुप्याच्या नाण्यांना विकतात, पण योसेफ रडला, ओरडला, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. मग वीसेक वर्षं जातात. दुष्काळात ते मिसरात येतात, पकडले जातात, आणि ४२ व्या अध्यायात एकमेकांना म्हणतात, तो आपल्याला काकुळतीने विनवत होता, त्याच्या जिवाचा आकांत आपण पाहिला आणि ऐकलं नाही. म्हणजे तो रडला होता, आणि एवढी वर्षं ते रडणं त्यांच्या कानात होतं. खड्ड्यात पडलेल्याला वाटतं, वर बसलेल्यांना काहीच वाटत नाही. वाटतं हो. म्हणूनच ते तोंड फिरवतात. त्याच ३७ व्या अध्यायात लिहिलं आहे की भावांना त्याच्याशी सलोख्याने बोलता येईना. मला तो शब्द नेमका वाटतो. बोलायचं नव्हतं असं नाही, येईना.

तुमच्या ताईंचं असंच असेल असा माझा दावा नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण "झालं ना तुझ्या मनासारखं" हे वाक्य मी वाचलं आणि मला वाटलं, हे मीसुद्धा म्हणू शकले असते. त्याचा अर्थ लावत बसू नका. मला विचाराल तर त्याला अर्थच नव्हता, फक्त धार होती.

आणि पत्रांबद्दल. माझ्या बहिणीनेही मला असंच लिहिलं होतं, माझं काय चुकलं ते सांग. तिचं काही चुकलं नव्हतं, मग मी काय सांगणार? ते पत्र म्हणजे मला माझ्या गुन्ह्याचा कबुलीजबाब मागितल्यासारखं वाटलं. मी फाडलं. पुढे एक दिवस तिचा फोन आला. तिने भांडणाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "बाबा झोपताना कुठलं गीत म्हणायचे गं, पहिली ओळ आठवते, पुढची आठवत नाही. तुला येत असेल." एवढंच. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की बाबांमधलं काहीतरी माझ्याकडेही आहे.

चौथं उत्तर

वरचं वाचून डोळे भरून आले, तरी एका ठिकाणी मी जरा अडणार आहे. मी बारा वर्षं पाळकीय सेवेत आहे आणि 'विनाकारण द्वेष' हे शब्द माझ्यासमोर फार वेळा चुकीच्या माणसाच्या तोंडून आले आहेत. घरच्यांना छळणारा माणूसही येऊन म्हणतो की सगळे माझ्यावर उगाच उठले आहेत. पेत्राला हे माहीत होतं. पहिल्या पत्रात अन्याय सोसणाऱ्यांना तो इतकं धीराचं लिहितो, आणि तिथेच ४:१५ मध्ये सांगतो की तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा म्हणून दुःख भोगू नये. खुन्याच्या रांगेत नाक खुपसणारा! म्हणून तुमची ती वही मला वाया गेलेली वाटत नाही. तुम्ही शोधलंत, मनापासून शोधलंत, ज्या गोष्टी सापडल्या त्या कबूल केल्यात. ज्याने वही कधी उघडलीच नाही त्याच्या तोंडी हे वचन मी जाऊ देत नाही. तुम्ही उघडलीत. आता मिटा. तुमच्यासारखी माणसं पंधरावी नोंद झाल्यावर सोळावीसाठी स्वतःला खणू लागतात, आणि ते पश्चात्तापाचं काम राहत नाही.

त्या दोघी-तिघींबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सोसणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी गप्प राहणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. मुख्य याजकापुढे शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२३). हात उचलला नाही, शाप दिला नाही, पण प्रश्न विचारला. तुम्हीही त्यांपैकी एकीला बाजूला घेऊन शांतपणे विचारू शकता की माझ्याबद्दल काही ऐकलं आहे का. ताईंविरुद्ध एक अक्षर न बोलता.

पौलाचं शेवटचं पत्रही एकदा बघा, २ तीमथ्य ४. पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, सर्वांनी मला सोडलं, याचा हिशेब त्यांच्याविरुद्ध धरला न जावो, असं तो लिहितो. त्याच्या दोनच वचनं आधी आलेक्सांद्र तांबटाचं नाव आहे. त्याने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याच्या कृत्यांप्रमाणे त्याची फेड करील, तूही त्याच्यापासून जपून राहा. भिऊन पळालेल्यांना एक वागणूक, मुद्दाम इजा करणाऱ्याला दुसरी, आणि दोन्ही एकाच हाताने एकाच पत्रात लिहिलेल्या. मध्येच तो त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तकं मागवतो. एकट्या पडलेल्या माणसाला झग्याची आठवण होणारच. आणि मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असंही सांगतो. हा तोच मार्क, ज्याला बरोबर घ्यायला पौलाने एकेकाळी साफ नकार दिला होता आणि त्यावरून आपला सोबती बर्णबा याच्याशी फारकत झाली होती. नाकारला गेलेला पौल स्वतःही कोणालातरी नाकारून बसला होता, आणि मध्ये कितीतरी वर्षं गेली.

रोमकरांस १२:१८ मध्ये 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' अशा दोन अटी आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना या दोन अटी कोणी वाचूनच दाखवलेल्या नसतात.

पहिलं उत्तर देणारे, पुन्हा

मी घाईत लिहिलं होतं. तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत आणि मी दोन वचनं ठेवून निघून गेलो. क्षमा करा.

योहान ९ मधला जन्मांध माणूस मला आज दिवसभर आठवत होता. दृष्टी आली आणि त्याचं सगळं सुटत गेलं. शेजारी ओळख पटवत बसले, आईबापांनी सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने अंग काढून घेतलं, तो वयात आला आहे, त्यालाच विचारा म्हणाले. शेवटी परूश्यांनी, म्हणजे तिथल्या धर्मपुढाऱ्यांनी, त्याला बाहेर घालवून दिलं. पुढचं वचन, ३५ वं: त्यांनी त्याला बाहेर घातल्याचं येशूने ऐकलं, आणि तो त्याला भेटला. याआधी या माणसाने येशूला पाहिलेलंही नव्हतं. डोळ्यांवर चिखल लावून धुवायला पाठवलं, तोवर तो आंधळाच होता. आधी बाहेर काढला गेला, मग ती भेट झाली. तुम्हाला आनंद करा असं मी आता म्हणत नाही. एवढंच सांगायचं होतं की दाराबाहेर कोण आहे याची त्याला खबर असते.

प्रश्नकर्ती

सर्वांचं दोन-दोनदा वाचलं. ६९ वं स्तोत्र आधीही वाचलं होतं, पण चौथ्यानंतर लगेच पाचवं आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही मोठ्याने वाचली. पाचवं वाचताना आवाज नीट निघाला, चौथं वाचताना फुटला. मला वाटलं होतं उलट होईल.

वही मिटली आहे. फाडलेली नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. ताईकडून परत आलेलं आईचं बायबल मीसुद्धा कधी सोडलं नाही. कपाटात वर, त्याच फडक्यात, त्याच गाठीसकट सात वर्षं होतं. तिने गाठ सोडली नाही याचं दुःख मी इतकी वर्षं करत होते आणि मीही सोडली नव्हती. काल सोडली. आईने कितीतरी ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, काही पानांवर नुसत्या तारखा. त्यातल्या बऱ्याच तारखा माझ्या जन्माच्या आधीच्या आहेत. त्या कशाच्या, ते मला माहीत असणं शक्य नाही. ताईला असेल.

भाल्याचं जे लिहिलंत त्याने मोठा आधार वाटला. मागे दाराजवळ बसते याची मला लाज वाटायची, पळपुटेपणा वाटायचा. आता काही दिवस तिथेच बसेन, पण शेवटच्या गीताआधी उठून जाणार नाही.

तिसरं उत्तर लिहिणाऱ्या बहिणीला विचारायचं आहे. त्या गीताचा फोन आला तेव्हा तुम्ही लगेच बोललात का?

तिसरं उत्तर लिहिणाऱ्या

नाही. "मला आठवत नाही" म्हणून फोन ठेवून दिला. आठवत होतं, सगळी कडवी. अकरा दिवसांनी मीच फोन केला आणि दुसरी ओळ सांगितली.